तात्यांची मोटार, मामाची जीप

मार्च लागला की मी अजून मनातल्या मनात परीक्षेला बसते. शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. आता पेपर द्यायचे नाहीत, काढायचे नाहीत आणि तपासायचेही नाहीत. तरी कडुलिंबाचा मोहर अंगणात सांडायला लागला, दुपारचा वारा गरम झाला आणि गल्लीतली पोरं गच्चीवर पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालायला लागली, की वाटतं, आपला कुठला तरी पेपर राहून गेलाय. परवा असाच जीव खालीवर होत असताना सुधीर आला. सुधीर म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, तात्यांचा नातू. नवी गाडी दाखवायला आला होता.

"आत्या, बाहेर तर ये. बघ कशी आहे!"

बाहेर आले आणि उंबऱ्यातच थबकले. मिलिटरीचा हिरवा रंग, चौकोनी नाक, उंच चाकं, पाठीवर बांधलेलं जादा चाक. वाटलं, आता पलीकडून उडी मारून माझा मामाच उतरणार. सुधीरनं दार उघडून आत बसवलं तर मऊ कातडी गादीत मी कमरेपर्यंत रुतले. दार लागलं आणि रस्त्याचा आवाज कुणीतरी झाकण ठेवावं तसा बंद झाला. म्हणजे बाहेरून मामाची जीप आणि आतून तात्यांची मोटार! जन्मभर एकमेकांना टोमणे मारणारी ती दोन माणसं शेवटी एकाच पत्र्याखाली नांदायला आलेली बघून मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

"मळ्यात नेलीस का रे?" मी विचारलं.

"छे गं आत्या. वाट कसली आहे तिथली! शिवाय दोन्ही बाजूंनी ऊस घासतो, ओरखडे पडतील."

मामा असता तर यावर काय बोलला असता, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुधीर गेल्यावर मी चहा करून घेतला आणि चहा तसाच गार झाला. बहात्तर सालचा मार्च येऊन समोर बसला होता.

आमची वस्ती प्रवरेच्या पाटावर, संगमनेरच्या खालच्या अंगाला. त्या महिन्यात तिथे सगळीकडे उसाचा वास असायचा. कारखान्याचा हंगाम उतरणीला लागलेला, तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या पहाटेपासून सडकेनं रांगेनं चाललेल्या, बैलांच्या गळ्यातले घुंगरू आणि लांबून येणारा कारखान्याचा भोंगा. तोडून मोकळ्या झालेल्या रानात पाचट पेटवायचे, त्याची काळी चुरचुरीत राख उडत उडत येऊन वाळत घातलेल्या धोतरांवर बसायची. एकीकडे गव्हाची मळणी, दुसरीकडे खळ्यावर हरभऱ्याचा ढीग. माणसांना मान वर करायला फुरसत नसायची. आणि नेमक्या याच दिवसांत माझं मॅट्रिक. त्या वेळी अकरावीला मॅट्रिक असायचं. आमच्या घराण्यात तिथवर पोचलेली मी पहिली मुलगी.

घर एकत्र. सगळा कारभार तात्यांच्या हातात. माझे वडील, म्हणजे दादा, हे तात्यांचे धाकटे भाऊ. त्यांच्याइतका कमी बोलणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. तात्यांनी काही विचारलं तर दादा मान हलवत, आणि तात्यांनी काही ठरवलं तरी मान हलवत. दोन्ही वेळची मान सारखीच हले. आई यावरून कधी कधी वैतागून म्हणायची, "बैलालाबी एखाद्या वक्ताला शिंग उगारावं वाटतं." दादा त्यावरही मान हलवत.

तात्यांनी माझ्यासाठी कोल्हारकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. घर बागाईतदार, मुलगा चांगला, नाव ठेवायला जागा नाही. मला मात्र पुढे शिकायचं होतं, संगमनेरच्या कॉलेजात जायचं होतं. हे मी आईला सांगितलं, आईनं थोरल्या आईला, म्हणजे तात्यांच्या बायकोला, आणि थोरल्या आईनं तात्यांना जेवताना सांगितलं. तात्यांनी ताटातली भाकरी कुस्करत निकाल दिला, "एका दमात पास झाली तर पुढचं बघू. न्हाई तर वैशाखात अक्षता." यातला अक्षतांचा भाग पक्का होता आणि 'बघू'चा भाग मोघम, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं. तरी मी त्या एका 'बघू'ला धरून बसले.

आता त्या मोटारीविषयी सांगते. तात्यांनी ती मुंबईच्या कुणा शेटजीकडून जुनी घेतली होती. लांबलचक, सायीच्या रंगाची, विलायती. मागच्या बाजूला पंखासारखे दोन पत्रे वर आलेले. आत तांबड्या कातडी गाद्या, चालू असलेलं घड्याळ, रेडिओ आणि पाय ठेवायला गालिचा. ती सावकाश चाले, आवाज करत नसे आणि पेट्रोल मात्र म्हशीनं पेंड खावी तसं खाई. म्हणून ती बहुतेक वेळ गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. लग्नाला, कारखान्याच्या मीटिंगला आणि दसऱ्याला बाहेर निघायची. तिच्यात बसण्यासाठी पाय धुवावे लागत. ती वाटेनं निघाली की पारावरची माणसं उठून उभी राहत, आणि तात्या काच खाली करून हात जोडत. खरं सांगायचं तर तात्यांना मोटारीपेक्षा ते हात जोडणं आवडायचं.

मामा म्हणजे आईचा भाऊ, काष्टीचा. काष्टीकडचं रान कोरडं. म्हणून तो तरुणपणीच फौजेत ड्रायव्हर होऊन गेला आणि माझ्या मॅट्रिकच्या आधी तीनेक वर्षं पेन्शन घेऊन परत आला. येताना त्यानं नगरच्या कॅम्पातल्या लिलावात मिलिटरीच्या मोडीतली एक जीप उचलली. तिला दारं नव्हती. मागे लोखंडी बाकडी, डोक्यावर उसवलेली ताडपत्री. बाजूला फावडं अडकवायच्या कड्या तशाच राहिलेल्या, आणि अंगावर नव्या रंगाखालून जुना फौजेचा नंबर डोकावायचा. हॉर्न बंद होता, म्हणून मामा तोंडानं ओरडायचा. तिच्यात गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक आखूड दांडी होती. ती ओढली की पुढची चाकंही ओढायला लागत. मामा ती दांडी दाखवताना आवाज खाली आणायचा, देव्हाऱ्यातला देव दाखवावा तसा.

मोटार दिसली की लोक उठून उभे राहत आणि जीप दिसली की हात करून थांबवत. शनिवारच्या काष्टीच्या बाजारात जीपमध्ये कोण नसे! शेळ्या, कोंबड्या, कांद्याची पोती, जत्रेला निघालेल्या बायका, बाळंतपणाला चाललेली सून. मामा सगळ्यांना घेई. कुणी पडलं तर थांबून परत घेई.

तात्या आणि मामा भेटले की जुगलबंदी ठरलेली.

"पाव्हनं," तात्या म्हणायचे, "ह्याला तुमी गाडी म्हंता व्हय? पत्र्याच्या डब्याला चार चाकं लावली म्हंजी गाडी हुती का?"

"तुमची मोटार लई नामी हाय, तात्या," मामा म्हणायचा. "माहेरपनाला आल्याली लेक हाय ती. नुसती बसवून ठिवायची, कौतुक करायचं, कामाला म्हनून लावायची न्हाई."

"बसून तर बघा एकदा. पोटातलं पानी हलायचं न्हाई."

"आन् आमच्या जीपमधी बसलं की पोटात पानी राहतच न्हाई!"

दोघंही हसायचे, पण दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत होते. तात्यांनी आपण त्या डबड्यात पाय ठेवणार नाही अशी शपथच घेतली होती. मामाही मोटारीत कधी बसला नाही. बसायला सांगितलं की म्हणायचा, "माझी पाठ खराब हुईल, तिला मऊची सवय न्हाई."

मी कुणाच्या बाजूची, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी बिनदिक्कत मामाचं नाव घेतलं असतं. आज तसं घेता येत नाही. कारण माझा अभ्यास झाला तो त्या मोटारीत.

घरात वीसएक माणसं. सोप्यात तोडणीचा हिशोब, परसात धुणी, माळवदावर मिरच्या वाळत घातलेल्या आणि त्यांच्यावर चार पोरं राखणीला. पुस्तक उघडलं की कुणीतरी हाक मारायचंच. एका दुपारी मी वैतागून शेडमध्ये गेले, मोटारीचं मागचं दार हळूच उघडलं आणि आत बसले. दार लावलं, आणि घर गेलं. म्हशी गेल्या, पोरं गेली, जात्याचा आवाज गेला. उरलं ते त्या घड्याळाचं टिकटिक आणि कातड्याचा जुना गोडसर वास. इतकी शांतता मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. भूमितीचं जे प्रमेय महिनाभर डोक्यात शिरत नव्हतं, ते त्या दुपारी सरळ आत येऊन बसलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी तात्यांनी पकडलं. काचेतून त्यांचा फेटा दिसला. दार उघडून ते नुसते बघत राहिले. मांडीवर पुस्तक, शेजारी दौत, गालिच्यावर माझ्या चपला.

"दौत खाली ठिव," ते म्हणाले. "गादीला शाई लागंल."

एवढंच बोलून दार लावून निघून गेले. दुसऱ्या दिवशी शेडमधल्या कोंबड्या हलवलेल्या दिसल्या, आणि मोटारीच्या टपावर पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन अडवायला कुणीतरी पोतं टाकलेलं होतं. कुणी टाकलं ते मी विचारलं नाही. त्या वयात मला वाटायचं, तात्या म्हणजे नुसता दरारा. त्यांच्या दराऱ्याला अशीही एक मागची बाजू होती, हे समजायला मला फार वर्षं लागली. त्या लाल गादीचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि ती गादी ज्यांनी मला देऊ केली त्यांचे तर मोजता येणार नाहीत.

परीक्षेचं केंद्र संगमनेरला. इतर मुलं तिथे कुणा पाहुण्याकडे उतरली, पण मुलीनं परक्या घरी रात्र काढायची नाही हा तात्यांचा नियम. मग रोज जाऊन येऊन करायचं ठरलं. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मामा काष्टीहून जीप घेऊन हजर झाला. आईनं निरोप धाडला होता. तात्यांना ते कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"पाव्हनं, तुमी आलात, बरं केलं, दूध-भाकर खाऊन झोपा. पन आमची पोरगी पेपरला मोटारीतनं जानार. लोकांनी म्हनलं पाह्यजे, कोनाची लेक परीक्षेला आली."

मामा म्हणाला, "जाऊ द्या की. मी आपला मागनं येतो."

"मागनं कशाला?"

"रिकामा हाय म्हनून."

आता पुढचं समजायला आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. वस्तीपासून सडकेपर्यंत आमची वाट मैलभर, सगळी काळ्या मातीची. उसाच्या गाड्यांनी तिचं पीठ करून ठेवलेलं. माणूस चालला तरी गुडघ्याएवढा धुरळा उठे. म्हणून कुणी मानाचं माणूस यायचं असलं, वरात असली, की आदल्या संध्याकाळी चारीचं, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याचं, पाणी घडीभर वाटेवर सोडायचे. रात्रीतून माती आळायची, सकाळी वाट शेणानं सारवल्यासारखी टणक आणि गार. धुरळा नाही. पण अंदाज फार बारीक. जरा जास्त पाणी झालं की तीच काळी माती पाय धरून ठेवते आणि सोडत नाही.

सकाळी आईनं उशाखाली घडी करून ठेवलेली पांढरी साडी मला नेसवली. हातावर दही-साखर घातली. थोरल्या आईनं ओवाळलं, मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. तात्यांनी नवा फेटा बांधला होता. मोटारीत ते पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे एकटी. पोटातलं पाणी खरोखर हलत नव्हतं. बांधाच्या वळणापर्यंत सगळं थाटात झालं. वळणावर मोटार पुढून खाली बसली, मग मागून खाली बसली आणि तिची मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

तात्या दार उघडून उतरले ते थेट घोट्यापर्यंत चिखलात. सगळी वाट चकाकत होती. जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत पाणी मुरलेलं. मोटारीचं पोट मातीला टेकलं होतं.

"कोनी सोडलं पानी?" तात्या ओरडले. असा आवाज की उसातले बगळे उडाले. "कोनी सोडलं म्हन्तो मी!"

चारीवरून भिका पाटकरी धावत येत होता. पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा म्हातारा माणूस, आमच्या घरचाच म्हणावा असा. तो आधीच रडकुंडीला आला होता. "तात्या, माझ्याकून झालं. आपल्या पोरीचा पेपर, मोठी मोटार जायची, म्हनलं कंजुषी नगं, म्हनून जरा जास्त येळ..."

"पन सोडायला सांगितलं कोनी तुला?"

भिकानं मान खाली घातली. आणि मोटारीमागून चालत आलेले दादा पुढे झाले. त्यांच्या अंगावर रोजची बंडी, हातात टोपी.

"मी सांगितलं," दादा म्हणाले.

तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"मी सांगितलं," दादा पुन्हा म्हणाले. "पांढरी साडी नेसून जानार हुती. अंगावर धुरळा नगं म्हनलं."

मी मोटारीच्या काचेतून बघत होते आणि मला रडू फुटलं. पेपर चुकणार म्हणून फुटलं, की आयुष्यात पहिल्यांदा माझे वडील माझ्यासाठी बोलले म्हणून, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. दोन्हीही असेल. एक पेपर चुकला की सगळं मॅट्रिक गेलं, आणि ते गेलं की वैशाखात अक्षता.

तेवढ्यात मामाची जीप बांधावरून आली. वाट सोडून त्यानं हरभरा काढलेल्या रानातून घातली होती. तात्या म्हणाले, "पाव्हनं, दोर लावा. आधी मोटार काढा, मग पोरीला नेऊ." मामानं दोर लावला, आखूड दांडी ओढली. जीप गुरगुरली, चिखल उडाला, मोटार हातभर सरकली आणि परत बसली. पुन्हा ओढली, पुन्हा बसली. दूर कारखान्याचा भोंगा झाला. मामानं दोर सोडला.

"तात्या, मोटार सांजच्याला निघंल. पेपर सांजच्याला निघायचा न्हाई."

तात्यांनी मोटारीकडं बघितलं. तिचे ते पंख, तिचा सायीचा रंग, पोटापर्यंत काळा झालेला. मला वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले, "चला."

मोटारीपासून जीपपर्यंत दहाबारा पावलांचा चिखल होता. दादा शेजारच्या फडातून पाचटाचे भारे उचलून आणत होते आणि एकापुढे एक पसरत होते. भिकाही लागला त्यांच्याबरोबर. मी त्या पाचटावर पाय ठेवत ठेवत जीपपर्यंत गेले. चपलेलासुद्धा चिखल लागला नाही. मी मागच्या बाकड्यावर बसले, आणि ज्यांनी शपथ घेतली होती ते तात्या नवा फेटा सांभाळत मामाशेजारी पुढे चढले. दादा आणि भिका मोटारीपाशी राहिले.

त्या प्रवासाचं वर्णन मी काय करू! रान, बांध, ओढ्याची कोरडी वाळू, पुन्हा बांध. मग सडक, आणि सडकेवर उसाच्या गाड्यांची रांग. मामा ओरडत होता, "अय बाजू! पेपर हाय, पेपर!" आणि गाडीवान हसत बैल बाजूला घेत होते. एकजण ओरडला, "कुनाचा पेपर?" मामा ओरडला, "भाचीचा!" आणि त्यानं टोपी हलवली. धुरळा, चिखलाचे शिंतोडे, बाकड्याच्या लोखंडाचे धक्के. दादांनी जो धुरळा टाळायला इतका खटाटोप केला तो सगळा शेवटी माझ्या साडीवर आलाच. पण सकाळचं ऊन कोवळं होतं, वाऱ्याला लिंबाच्या मोहराचा कडसर वास होता, आणि ज्या गावातून गेलो त्या गावातल्या माणसांचे चेहरे मला दिसत होते. मोटारीतून मी असे चेहरे कधी पाहिले नव्हते. तिच्या काचेतून फक्त हात जोडलेले दिसायचे.

केंद्रावर पोचले तेव्हा मुलं वर्गात बसत होती. पर्यवेक्षक बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तोंड धुऊन ये, माठ तिकडे आहे. घाबरू नकोस, वेळ आहे." त्यांचं नाव मला माहीत नाही. पुढे मी पर्यवेक्षण करायला लागले तेव्हा प्रत्येक उशिरा आलेल्या मुलीला मी हेच वाक्य म्हणाले.

त्याच साली पावसानं पाठ फिरवली आणि दुष्काळ पडला. पाट कोरडा ठणठणीत, चारीला भेगा, आणि लोक रोजगार हमीसारख्या कामांवर खडी फोडायला गेले. प्यायच्या पाण्यासाठी बायका मैलभर जात. तेव्हा मला ती चकाकणारी वाट फार आठवायची. एवढं पाणी माझ्या साडीवर धुरळा बसू नये म्हणून जमिनीवर ओतलं होतं! कुणी कुणासाठी इतकं करतं का? आजही नळ सोडला की क्षणभर मनात येतंच, आणि ज्यांनी ते सोडलं त्यांच्यासाठी हात आपोआप जोडले जातात.

त्या दिवशीचा पेपर चांगला गेला. बाहेर आले तर फाटकाशी जीप नव्हती. मुलं आपापल्या माणसांबरोबर पांगली. मी लिंबाखाली उभी राहिले. तात्यांचा राग अजून उतरायचा असेल, मोटारीसाठी परत गेले असतील, असं काय काय मनात येत राहिलं. मग 'अय बाजू!' ऐकू आलं आणि गावाच्या उलट्या बाजूनं जीप आली. तात्या पुढेच बसलेले. धोतरावर चिखल वाळून पांढरा पडलेला, फेट्याचा पदर सुटलेला. त्यांनी माझ्या हातात कागदात बांधलेली भेळ दिली.

"खा. आन् बस, जाऊ."

"कुठं गेल्ते तात्या?" मी विचारलं.

"कालेजात," ते म्हणाले. "पोरींचं वसतिगृह बघून आलो. विहीर आत हाय, बाहेर जावं लागत न्हाई. खिडक्यांना गज हायेत. तिथली बाईबी मला बरी वाटली, मला दाराभाईर उभं केलं तिनं, आत येऊ दिलं न्हाई."

मी भेळ तशीच धरून उभी. "कुनासाठी बघितलं?"

"तुझ्यासाठी! न्हाई तर काय मी जाऊन राहू तिथं?"

मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. मी म्हटलं, "पन तात्या, अजून समदे पेपर राह्यलेत. आन् नापास झाले तर?"

"झालीस तर पुन्यांदा बसायचं," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "सकाळी समद्या वाटंनं मी दोन्ही हातांनी म्होरची धरायची दांडी धरून बसलो हुतो. ह्या बाबाच्या गाडीत जीवच मुठीत धरावा लागतो. मागं वळून बघितलं, म्हनलं पोरगी पडती का काय. तर तुझ्या दोन्ही हातांत पुस्तक. बाकड्यावरनं वीतभर वर उडत हुतीस, पन आधाराला कुठंच हात न्हाई तुझा. अशा पोरीला कोल्हारला धाडून मी काय करू? निरोप लावतो त्यान्ला, यंदा न्हाई म्हनून."

माझं मलाच आठवत नव्हतं मी काय धरलं होतं ते. मऊ गादीवर कुणाला काहीच धरावं लागत नाही, म्हणून कोण काय धरून बसलंय हे तिथे कळत नाही. पण हे मी आत्ता म्हणते. तेव्हा मी नुसती रडत होते आणि रडता रडता भेळ खात होते.

मामा जीप सुरू करत असताना तात्या म्हणाले, "घरी मी काय बोलनार न्हाई. तुझ्या बापाला तूच सांग. आज पयल्यांदा माझ्याम्होरं तोंड उघडलं त्यानं. हे त्याला तुझ्याच तोंडनं ऐकू दे."

उन्हं कलताना वस्तीवर आलो. मोटार अजून वळणावरच होती. दादा आणि भिका फावड्यानं चाकांपुढची माती काढत होते. दोघांच्या कोपरापर्यंत चिखल. दादांनी जीप पाहिली आणि फावडं टेकवून उभे राहिले. मी उतरून त्यांच्याकडं गेले. त्यांनी पेपर कसा गेला हे विचारलं नाही. विचारायची त्यांना भीती वाटत होती.

"दादा, तात्या मला कालेजात घालनार हायेत. पास झाले तरी आन् न्हाई झाले तरी. वसतिगृह बघून आले ते."

दादांनी जीपमधल्या तात्यांकडं पाहिलं. तात्या दुसरीकडं बघत होते. मग दादांनी माझ्या डोक्यावर ठेवायला उजवा हात उचलला, त्या हाताचा चिखल त्यांना दिसला, आणि त्यांनी तो तसाच मागे घेतला. मी तो हात धरला आणि होता तसा माझ्या डोक्यावर ठेवला.